स्टेपनी नसलेली गाडी

सप्टेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यातील एका मध्यरात्री, छत्रपती संभाजीनगरजवळ माळीवाडा परिसरात, समृद्धी महामार्गावरून जाणाऱ्या काही मोटारींचे टायर एकामागून एक पंक्चर झाले. पर्युषण आणि दशलक्षण पर्व नुकतेच आटोपले होते. ज्या मोबाइलवर आदल्या दिवसांपर्यंत क्षमापनेचे संदेश येत होते, त्याच मोबाइलवर आता रस्त्यात उभ्या ठोकलेल्या खिळ्यांची चित्रफीत फिरू लागली आणि लुटारूंनी हा सापळा लावल्याचे जो तो दुसऱ्याला खात्रीने सांगू लागला. पुढे महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने खुलासा केला. ते खिळे नव्हते. काँक्रीटला पडलेल्या भेगांत इपॉक्सी भरण्यासाठी बसवलेल्या त्या ॲल्युमिनियमच्या लहान नळ्या होत्या. कोणाच्या जिवाला अपाय झाला नाही आणि नळ्याही काढून टाकण्यात आल्या. चर्चा मात्र चार दिवस पुरली.

गुलमंडीपासून हाकेच्या अंतरावर औषधांचे घाऊक दुकान असलेल्या एका ओसवाल कुटुंबातही ती चर्चा झाली. घरातील वडीलधारे गृहस्थ, ज्यांना घरी-बाजारी सगळे बाबूजी म्हणतात, त्यांनी ताटावर बसल्या बसल्या थोरल्या मुलाला सहज विचारले, "आपल्या गाडीत स्टेपनी आहे ना?"

मुलगा म्हणाला, "नाही बाबूजी. आपल्या गाडीला ती येतच नाही. त्याऐवजी किट दिले आहे."

"म्हणजे चाक गेले तर?"

"जात नाही सहसा. आणि गाडीनेही थोडा अपरिग्रह पाळला तर बिघडले कुठे?"

बाबूजींनी ताटातला घास पूर्ण केला आणि मग म्हणाले, "स्टेपनी गाडीने सोडली नाही, कंपनीने सोडली. त्याग आपल्या नावावर आणि बचत त्यांच्या खात्यात, याला अपरिग्रह म्हणत नाहीत."

सून हसली, नात हसली आणि विषय तिथेच संपला. त्यानंतर दीड महिना त्या गाडीच्या मागच्या कप्प्यात कोणी डोकावून पाहिले नाही.

मुलाचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीला ट्यूबलेस टायर असतील, चाकांतील हवेचा दाब सतत मोजून चालकाला कळवणारी यंत्रणा असेल आणि टायर दुरुस्तीचा संच सोबत दिलेला असेल, तर जादा चाक देणे बंधनकारक राहिले नाही. त्यामुळे जागा वाचते, वजन कमी होते आणि विजेवरच्या गाडीत बॅटरीला अधिक वाव मिळतो, ही त्यामागची कारणे होती. ती खोटी नाहीत. परंतु गाडी विकत घेणाऱ्याला हा बदल नेमका कळतो कधी, हा प्रश्न उरतोच. या कुटुंबाने २०२१ मध्ये गाडी घेतली, तेव्हा रंग, आसने, पडदा आणि आवाजाची यंत्रणा यांवर तासभर बोलणे झाले. नारळ फुटला, चाकांखाली लिंबे ठेवली गेली. काळ्या पिशवीतील त्या किटविषयी "हे मागे ठेवलेले आहे" एवढे एकच वाक्य उच्चारले गेले.

स्टेपनी हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो मूळचा कुठला, असा प्रश्न कोणाला पडत नाही. मोटारीच्या आरंभकाळात गाड्यांना जादा चाक नसेच. टायर फुटला की चालकाने रस्त्यातच बाह्या सरसावून तो उतरवायचा, शिवायचा आणि पुन्हा चढवायचा. वेल्समधील लानेल्ली या गावात, स्टेपनी नावाच्या रस्त्यावर दुकान असलेल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाकाची युक्ती काढली आणि रस्त्याचे नाव चाकाला दिले. जिथे तो शब्द जन्मला तिथे तो फारसा कोणी वापरत नाही. भारतातला प्रत्येक ट्रकचालक मात्र तो बोलतो. सव्वाशे वर्षांत चक्र फिरून गाडी पुन्हा जादा चाकावाचून रस्त्यावर आली आहे. फरक इतकाच की १९०४ च्या आधीचा चालक आपल्याजवळ जादा चाक नाही हे जाणून घराबाहेर पडत असे.

बाबूजींचे आयुष्य तर जाणत्या चालकांच्या संगतीत गेले. ऐंशीच्या दशकात पुण्याहून नगरमार्गे माल आणणारी त्यांची मॅटाडोर होती. तिच्यात दोन स्टेपन्या, एक मोकळी ट्यूब, ठिगळे, सोल्युशनची डबी, पाना, जॅक, हातपंप आणि चाकाखाली लावायला लाकडाचे दोन ओंडके असत. माल कमी भरला तरी चालेल, हे सामान उतरवायचे नाही, असा दंडक होता. टायर तेव्हा फार फुटत. म्हणून तयारी असे. आताचे टायर कमी फुटतात. म्हणून तयारी राहिली नाही. ज्या शहराच्या वाळूज वसाहतीत गुडइयरचा टायर कारखाना आहे आणि शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या मोटारी तयार होतात, त्या शहरातील सुशिक्षित माणसाला आपल्या गाडीच्या टायरमध्ये हवा किती असावी हे विचारले, तर तो पेट्रोलपंपावरच्या मुलाकडे बोट दाखवतो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी हे कुटुंब नाशिकला साध्वीजींच्या दर्शनाला गेले. चातुर्मास संपत आला होता. कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू झाला की पुन्हा दर्शन कधी होईल हे सांगता येत नाही. बाबूजी, त्यांच्या पत्नी म्हणजे घरातल्या सर्वांच्या बाई, मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात अशी पाच माणसे होती. सकाळच्या प्रवचनाचा विषय जयणा हाच होता. चालताना, बोलताना, वस्तू उचलताना आणि ठेवताना राखायची सावधानता ती जयणा. प्रवचनानंतर प्रभावना म्हणून स्टीलची वाटी मिळाली. दुपारचे जेवण झाले, मांगलिक ऐकले आणि अडीचच्या सुमारास मंडळी निघाली.

बाईंना मधुमेह आहे आणि पन्नाशीपासून चौविहार आहे. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही, ते दुसऱ्या दिवशी नवकारसीपर्यंत. डॉक्टरांनी त्यांच्या गोळ्यांच्या वेळा या नियमाला धरूनच बसवून दिल्या होत्या. संध्याकाळची गोळी घ्यायची आणि अर्ध्या तासात जेवायचे. सव्वापाचला घरी पोहोचू, पाने तयार असतील, सूर्यास्त पावणेसहाच्या पुढे आहे, असा सरळ हिशोब होता. सुनेने खाखऱ्यांचा डबा नाशिकलाच रिकामा केला. समृद्धीने दोन-अडीच तासांची तर वाट. बाईंनी साडेचारला गाडीतच गोळी घेतली.

हा महामार्ग म्हणजे मराठवाड्याच्या व्यापाऱ्याला मिळालेले मोठेच साधन आहे, यात शंका नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा. एकूण ७०१ किलोमीटर. सपाट भागात मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. पण टायरच्या दृष्टीने हा रस्ता कडक परीक्षक आहे. ज्याच्यात हवा कमी आहे तो टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, अधिक मुडपतो आणि आतून तापतो. गावातल्या चाळीसच्या वेगाला जे खपून जाते ते एकशेवीसच्या वेगाला, काँक्रीटवर, तासभर न थांबता खपत नाही. महामार्ग सुरू झाल्यावर अपघात वाढले, तेव्हा परिवहन विभागाने प्रवेशनाक्यांवर टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवण्याची मोहीम घेतली, ती उगाच नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि ती अडकल्याशिवाय लक्षात येत नाही. सिल्लोडच्या किंवा पैठणच्या रस्त्यावर टायर गेला तर कोस-अर्ध्या कोसावर पंक्चरवाला असतो. तो नसेल तर कोणीतरी मोटारसायकलवर जाऊन त्याला घेऊन येतो. समृद्धीवर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे. दोन्ही बाजूंना कुंपण आहे. गाव डोळ्यांना दिसते, देवळाचे शिखर दिसते, पण तिथला पंक्चरवाला येऊ शकत नाही आणि आपण जाऊ शकत नाही. मदत यायची ती इंटरचेंजवरूनच, चारचाकीनेच आणि योग्य बाजूच्या मार्गिकेनेच येते.

सिन्नर सोडल्यावर गाडीच्या पडद्यावर पिवळे चिन्ह उमटले होते, नालासारखे, मधे उद्गारचिन्ह असलेले. मागच्या डाव्या चाकात हवा कमी होती. सुनेने ते पाहिले आणि विचारले. मुलगा म्हणाला, "दाखवते कधीकधी तसे. घरी गेल्यावर भरू." शिर्डी गेली. वैजापूरचे जांबरगाव गेले. हडसपिंपळगावच्या अलीकडे गाडी मागून डावीकडे ओढल्यासारखी झाली आणि थपथप असा आवाज येऊ लागला. मुलाने दिवे लुकलुकते ठेवून गाडी कडेला घेतली. तेव्हा पावणेपाच झाले होते.

पुढच्या अर्ध्या तासात त्याने जे केले ते बहुतेकांनी केले असते. टायरमध्ये लोखंडाचा बोटभर तुकडा रुतला होता. त्याने तो पक्कडीने उपटला. उरलीसुरली हवा एका श्वासात निघून गेली. मग काळी पिशवी उघडली. आत हवा भरण्याचे छोटे यंत्र होते आणि पांढऱ्या द्रवाची बाटली. सूचना बारीक अक्षरांत होत्या आणि मराठीत नव्हत्या. त्याने जोडणी कशीबशी केली, यंत्र सुरू केले. नळीत घट्ट गुठळ्या अडकल्या आणि द्रव पुढे सरकेना. बाटली उलटी करून पाहिली तेव्हा तिच्या बुडाशी मुदत छापलेली आढळली. ती संपून काही महिने झाले होते.

बाबूजी त्या छापील महिन्या-वर्षाकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. त्यांच्या दुकानात दररोज शेकडो खोके येतात आणि जातात. मुदत संपायला तीन महिने उरले की तो माल वेगळ्या कपाटात जातो. चाळीस वर्षांत मुदत उलटलेली एक गोळी त्यांनी गिऱ्हाइकाला दिलेली नाही. हे त्यांनी बोलून दाखवले नाही. मुलाला ते बोलून दाखवण्याची आवश्यकताही नव्हती.

विमा कंपनीच्या साहाय्यसेवेचा क्रमांक मोबाइलवर शोधून मिळाला. त्यांनी पॉलिसी क्रमांक विचारला. ती घरच्या कपाटात होती. गाडीच्या क्रमांकावरून पाच मिनिटांनी नोंद सापडली. मग त्यांनी ठिकाण विचारले. "शिर्डीच्या पुढे, संभाजीनगरच्या अलीकडे," हे उत्तर ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या पट्ट्याचे वर्णन झाले. कडेच्या खांबावरचा किलोमीटरचा आकडा आणि आपण कोणत्या दिशेच्या मार्गिकेवर आहोत, या दोनच गोष्टी त्यांना हव्या होत्या. त्या वाचायला नात धावत निघाली आणि सुनेने तिला दंडाला धरून मागे ओढले. तेवढ्यात एक मालमोटार इतक्या जवळून गेली की उभी गाडी हलली.

गाडीत बाई आणि बाबूजी बसून होते. बाहेर ऊन, त्यात बाईंचे गुडघे. आत बसणे बरे, असे सर्वांनाच वाटले होते. थोड्या वेळाने महामार्गाचे गस्ती वाहन आले. त्यातल्या माणसाने नमस्कार-चमत्कार न करता पहिले वाक्य उच्चारले, "आजींना आधी खाली उतरवा आणि कठड्याच्या पलीकडे न्या." मागे शंकू ठेवता ठेवता त्याने सांगितले की कडेला उभ्या गाडीला मागून धडक बसते तेव्हा आत बसलेली माणसे जातात. चालकाला डुलकी लागली की तो नकळत पुढच्या मागच्या दिव्यांकडेच ओढला जातो. हे ऐकल्यावर बाईंना दोघांनी धरून कठडा ओलांडवला. जैन समाजाला ही गोष्ट वेगळी समजवायला नको होती. विहारात, पहाटेच्या अंधारात, रस्त्याच्या कडेने चालणारे किती साधू-साध्वी अशाच धडकेत गेले आहेत. त्याच कारणाने गावोगावी विहारसेवेचे तरुण चकाकणारी जाकिटे घालून त्यांच्या मागे-पुढे चालतात. हा मुलगाही त्या सेवेत जातो. त्याचे जाकीट घरी खुंटीला होते.

सव्वापाच झाले. उचलून नेणारी गाडी यायला दीड तास लागेल असा निरोप आला. बाबूजींचा पुतण्या शहरातून दुसरी गाडी घेऊन निघाला होता. पण माळीवाड्याला महामार्गावर चढून त्याला समोरच्या मार्गिकेने जांबरगावपर्यंत जावे लागणार होते आणि तिथून वळून परत यावे लागणार होते. तो मध्ये समोरून हात हलवत गेलासुद्धा. शंभर पावलांवरून गेला, पण थांबू शकत नव्हता.

बाईंच्या कपाळावर घाम दिसू लागला. गोळी पोटात जाऊन पाऊण तास झाला होता. बाटलीत उकळलेले पाणी होते. खायला काही नव्हते. मुलगा म्हणाला, "बाई, आजचा दिवस सूर्यास्तानंतर खा. गाडी आली की पहिल्याच ठिकाणी थांबू. प्रायश्चित्त घेता येते." बाई म्हणाल्या, "मला काही झालेले नाही." बाबूजी काही बोलले नाहीत. औषधांच्या धंद्यातल्या माणसाला साखर उतरणे म्हणजे काय हे माहीत असते, आणि पंचेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोचा नियम म्हणजे काय हेही. सुनेने मात्र कुंपणाच्या पलीकडे पाहिले.

पलीकडे कापसाचे शेत होते. सप्टेंबरच्या अतिवृष्टीतून जे वाचले ते वेचून चार-पाच बाया ओझी बांधत होत्या. त्यांतली एक बराच वेळ इकडे बघत होती. "काय झालं ताई?" तिने विचारले. सुनेने सांगितले: चाक बसले आहे, सासूबाईंना साखरेचा आजार आहे, दिवस मावळला की त्या काही घेत नाहीत. तिने फार विचारले नाही. झाडाखालून फडके आणले. त्यात दीड बाजरीची भाकरी उरली होती आणि लसणाची चटणी. सून संकोचून म्हणाली, "चटणी नको, त्या लसूण खात नाहीत." "मग कोरडीच खातील का?" असे म्हणत तिने चटणी काढून घेतली, भाकरीची वरची बाजू पदराने पुसली आणि कुंपणावरून दिली.

बाईंनी नवकार म्हटला आणि कठड्यापलीकडे दगडावर बसून ती कोरडी भाकरी सावकाश खाल्ली, वरून पाणी प्यायल्या, हात जोडून पच्चक्खाण घेतले. सूर्य तेव्हा क्षितिजाच्या हातभर वर होता. मुलाने खिशातून नोट काढली, ती त्या बाईने घेतली नाही. बाईंनी पिशवीतून प्रभावनेची वाटी काढून दिली. ती तिने घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि फडक्यात बांधली.

पुतण्या सहा वाजून गेल्यावर पोहोचला. उचलून नेणारी गाडी त्यानंतर. तिच्या चालकाशेजारी जागा दोघांपुरतीच होती. पाच माणसांचे कुटुंब अडकले तर उरलेल्या तिघांनी जायचे कसे, हे साहाय्यसेवेच्या कागदावर कुठे लिहिलेले नसते. रात्री शहरात टायरच्या दुकानात चाक उतरवले तेव्हा बसल्या चाकावर गाडी थोडी चालल्यामुळे टायरची बाजू आतून चिरडली गेल्याचे दिसले. तो बदलावाच लागला. दुकानदाराने तुकड्याचे छिद्र पाहून शांतपणे सांगितले, "हा तुकडा उपटला नसता ना शेठ, तर नुसती हवा भरत भरत इंटरचेंज गाठला असता. खिळा म्हणजे बूच. बूच कोणी काढते का?"

पुढच्या रविवारी या घराच्या अंगणात जे घडले त्याचे शेजाऱ्यांना नवल वाटले. बाबूजींनी चांगल्या गाडीच्या मागच्या चाकातली हवा मुद्दाम सोडायला लावली आणि खुर्ची टाकून बसले. "आता समजा आपण हडसपिंपळगावला आहोत," ते मुलाला म्हणाले.

टायरवाल्याकडून तास-दीड तास बसून त्यांनी सगळे विचारून घेतले होते. द्रवाची बाटली टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातील लहान छिद्रावरच चालते. बाजू कापली किंवा टायर फाटला तर तिचा उपयोग नाही, तेव्हा ती वाया न घालवता सरळ मदत बोलवावी. द्रव आत गेल्यावर लगेच थोडे अंतर गाडी चालवावी लागते, म्हणजे तो आत सगळीकडे पसरतो. मग थांबून दाब पुन्हा पाहायचा. त्यानंतरही वेग ताशी ऐंशीच्या आत ठेवून जवळच्या दुकानापर्यंतच जायचे. तो कायमचा इलाज नव्हे. आणि दुकानात पोहोचल्यावर आत द्रव आहे हे सांगायचे, नाहीतर टायर उघडणाऱ्याच्या अंगावर तो उडतो आणि दाब मोजणारा सेन्सर साफ करायचा राहून जातो.

बाटलीपेक्षा त्यांना दुसरे साधन अधिक पटले. टोकदार कानस, भोक असलेली जाड सुई आणि चिकट रबरी दोऱ्या, असा पंक्चरवाला वापरतो तो संच कोणत्याही टायरच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतो. खिळा काढायचा तो हे सगळे हाताशी मांडल्यावरच. छिद्र कानशीने खरवडायचे, सुईत दोरी ओवून आत दाबायची, सुई झटक्याने परत ओढायची. दोरी आत अडकून राहते. बाहेरचे टोक कापायचे, हवा भरायची, थुंकी किंवा साबणाचे पाणी लावून बुडबुडा येतो का ते पाहायचे. त्याला जोर लागतो. टायरवाल्याने दिलेल्या भंगार टायरवर मुलाच्या पहिल्या दोन दोऱ्या बाहेर आल्या. सुनेची पहिलीच बसली. तिने सुई दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार दिला होता, पिठाची मोठी कणीक तिंबताना देतात तसा. बाबूजी म्हणाले, "आजपासून हे खाते तुझ्याकडे."

नातीकडे दाब मोजण्याचे काम आले. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने लिहिलेला आकडा असतो, तो तिने शोधून वाचला. सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजायचे. तापल्यावर आकडा वाढून दिसतो आणि हवा पुरेशी असल्याचा भास होतो. नायट्रोजन भरला की बघायला नको, हाही असाच एक सोयीस्कर समज. टायरच्या बाजूवरील चार अंक जन्मतारीख सांगतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, हे कळल्यावर तिने गल्लीतल्या सात गाड्यांची वये काढली. दोन काकांना ती फारशी आवडली नाहीत. खाचांच्या तळाशी ज्या आडव्या उंचवटा-पट्ट्या असतात त्यांच्या पातळीला टायर झिजला, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली, की कायद्यानेही तो बाद होतो.

मागच्या कप्प्यात आता काळ्या पिशवीशेजारी दुसरी कापडी पिशवी आहे. त्रिकोणी परावर्तक, विजेरी, हातमोजे, दाबमापक, विहारसेवेचे एक जाकीट, आणि बाईंसाठी बंद डब्यात खाखरे व राजगिऱ्याच्या चिक्क्या, ज्या दर पंधरवड्याला बदलायच्या. मोठ्या प्रवासापुरते खरे चाक बरोबर न्यावे का, याचाही खल झाला. त्याच मापाचे जुने चाक घेता येते, पण ते बसवायला जॅक आणि पाना लागतो. दोन्ही या गाडीबरोबर आलेच नव्हते. चाक कप्प्यात मोकळे ठेवले तर धक्क्याला तेच अंगावर येते. शेवटी जॅक, पाना आणि चाक बांधायला पट्टा विकत आणला गेला. गावात फिरताना चाक घरीच राहते. रात्रीचा किंवा ज्या वाटेने पूर्वी गेलेलो नाही असा प्रवास असेल तर ते गाडीत चढते. मुलगा अजून याला अतिरेक म्हणतो. चाक मात्र तोच चढवतो.

दिवाळीला पूजलेल्या नव्या वहीच्या शेवटच्या पानावर बाबूजींनी मोडीवळणाच्या आपल्या अक्षरात नोंद केली आहे. पॉलिसीचा क्रमांक, साहाय्यसेवेचा क्रमांक, राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ आणि तातडीचा ११२, चारही टायरांचे चार-चार अंक. त्याखाली नवी बाटली कधी आणली, किती रुपयांना आणि मुदत कधीपर्यंत. तिच्यापुढे, दुकानातल्या मालाला करतात तशी, मुदतीच्या तीन महिने आधीची तारीख तांबड्या शाईने लिहिली आहे.

बाईंनी त्या पानावर आणखी एक ओळ घालायला सांगितली. फडक्यातल्या भाकरीवालीचे नाव विचारायचे राहून गेले होते. बाबूजींनी महामार्गाच्या खांबावरचा किलोमीटरचा आकडा लिहिला, पुढे "दीड भाकरी, बाजरीची" असे लिहिले आणि येणे-देण्याचा रकाना कोरा ठेवला.